अमेरिकन राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी : घटनेची तरतूद, प्रघात आणि दंतकथा

बीजशब्द : शपथविधी, राज्यघटना, घटनात्मक संकेत, सत्तांतर, राष्ट्राध्यक्षपद

प्रस्तावना

दर चार वर्षांनी २० जानेवारी रोजी वॉशिंग्टन येथे दुपारचे बारा वाजतात, तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. आपल्याकडील अनेक घरांत त्या वेळी दूरचित्रवाणीसमोर बसून कॅपिटॉलच्या पायऱ्या, लष्करी वाद्यवृंद, बायबलवर ठेवलेला डावा हात आणि उंचावलेला उजवा हात हे दृश्य पाहिले जाते. हे सारे इतक्या रेखीवपणे पार पडते, की ते सर्व अमेरिकेच्या राज्यघटनेत लिहून ठेवलेले असावे असा पाहणाऱ्याचा समज होतो. पदवी वर्गाला अमेरिकेची राज्यघटना शिकवीत असताना विद्यार्थ्यांकडून दरवर्षी येणारे प्रश्नही याच समजातून आलेले असतात. बायबल नसेल तर शपथ ग्राह्य धरतात काय? शपथेचे शब्द चुकले तर काय होते? आणि मावळते राष्ट्राध्यक्ष समारंभाला आलेच नाहीत तर?

या प्रश्नांची उत्तरे शोधू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. या समारंभात घटनेने सांगितलेला भाग अत्यल्प आहे. शपथेचे शब्द आणि कार्यकाल संपण्याची वेळ, एवढेच काय ते घटनेत आढळते. बाकीचा सर्व डोलारा अपघात, हवामान, व्यक्तींच्या लहरी आणि पूर्वसूरींचे अनुकरण यांतून उभा राहिला आहे. कायदा कोठे संपतो आणि प्रघात कोठे सुरू होतो, याचा शोध या समारंभातील काही रंजक प्रसंगांच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पस्तीस शब्दांची शपथ

अमेरिकेच्या घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाच्या पहिल्या विभागात राष्ट्राध्यक्षांची शपथ शब्दशः दिलेली आहे. मूळ इंग्रजीत ती अवघी पस्तीस शब्दांची आहे. आपण राष्ट्राध्यक्षपदाचा कारभार निष्ठेने चालवू आणि आपल्या पूर्ण सामर्थ्यानिशी राज्यघटनेचे जतन, संरक्षण व रक्षण करू, असा तिचा आशय होय. 'शपथ घेतो' अथवा 'प्रतिज्ञापूर्वक सांगतो' यांपैकी कोणताही शब्दप्रयोग निवडण्याची मुभा घटनेनेच दिली आहे. शपथ घेणे धर्मविरुद्ध मानणाऱ्या क्वेकर आदी पंथीयांची अडचण घटनाकारांनी येथे ध्यानात घेतली होती. या मुभेचा उपयोग १८५३ मध्ये फ्रँकलिन पियर्स यांनी केला. पद स्वीकारण्यापूर्वी अवघे दोन महिने आधी त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा रेल्वे अपघातात त्यांच्या डोळ्यांदेखत मरण पावला होता. पियर्स यांनी शपथ न घेता प्रतिज्ञा केली आणि नंतरचे तीन हजारांहून अधिक शब्दांचे भाषण कागद हाती न घेता, केवळ स्मरणातून केले.

घटनेत जे नाही त्याची यादी याहून मोठी होईल. बायबलचा उल्लेख नाही, ईश्वराचा नाही, उद्घाटनपर भाषणाचा नाही. समारंभ कोठे व्हावा हेही सांगितलेले नाही. विशेष म्हणजे शपथ कोणी द्यावी याविषयीही घटना मौन पाळते. या बाबतीत आपली राज्यघटना अधिक काटेकोर आहे. अनुच्छेद ६० नुसार भारताच्या राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांसमोर, आणि ते उपस्थित नसल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीशांसमोर शपथ घ्यावयाची असते. भारतीय शपथेच्या इंग्रजी पाठातील तीन प्रमुख क्रियापदे अमेरिकन शपथेतील आहेत तीच आहेत. आपल्या घटनाकारांनी त्यांच्या जोडीला भारतीय जनतेची सेवा व कल्याण यांची हमी घातली. शब्द उचलताना त्यांनी पळवाटा बुजविल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

न्यूयॉर्कमधील सज्जा

पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा शपथविधी ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथील फेडरल हॉलच्या सज्जावर झाला. वास्तविक नव्या शासनाचा प्रारंभ ४ मार्च रोजी व्हावयाचा होता. परंतु खराब रस्ते आणि हिवाळा यांमुळे काँग्रेसचे सदस्यच वेळेवर पोहोचू शकले नाहीत. गणसंख्या पूर्ण होऊन मतमोजणी होण्यास ६ एप्रिल उजाडला. खुद्द वॉशिंग्टन यांचीही स्थिती फारशी सुखाची नव्हती. व्हर्जिनियातील विस्तीर्ण जमिनींचे मालक असूनही हाती रोकड नसल्याने त्यांना कर्ज काढून प्रवासाला निघावे लागले. नव्या राष्ट्राच्या प्रमुखाने उसनवारीवर राजधानी गाठावी, हा प्रसंग आपल्याकडील शेतकरी कुटुंबांना परका वाटणार नाही.

शपथ कोणी द्यावयाची, हा पेच तेव्हाच उद्भवला. सर्वोच्च न्यायालय अद्याप अस्तित्वात आले नव्हते. न्यायव्यवस्थेचा कायदा त्यानंतर सप्टेंबरमध्ये संमत झाला. म्हणून न्यूयॉर्क राज्याचे चान्सलर, अर्थात तेथील वरिष्ठ न्यायाधिकारी, रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांनी शपथ दिली. ऐनवेळी बायबल हाताशी नसल्याचे लक्षात आल्यावर जवळच्या एका फ्रीमेसन मंडळाचे बायबल आणण्यात आले. घाईत ते मधेच कोठेतरी उघडले गेले आणि वॉशिंग्टन यांनी त्यावर हात ठेवला. नियोजनाचा मागमूस नसलेल्या या कृतीतून सव्वादोनशेहून अधिक वर्षे चालत आलेला प्रघात जन्मास आला. तेच बायबल पुढे हार्डिंग (१९२१), आयझेनहॉवर (१९५३), कार्टर (१९७७) आणि थोरले बुश (१९८९) यांनी वापरले. २००१ मध्ये धाकट्या बुश यांच्यासाठीही ते वॉशिंग्टनला नेले होते. पण त्या दिवशी पाऊस असल्याने जीर्ण ग्रंथ भिजण्याच्या भीतीने ते बाहेर काढण्यात आले नाही.

वॉशिंग्टन यांनी त्या दिवशी कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे विणलेल्या तपकिरी कापडाचा पोशाख परिधान केला होता. इंग्लंडहून येणाऱ्या कापडाच्या जागी देशी कापड वापरण्यामागील आशय स्वदेशीची परंपरा असलेल्या वाचकास वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. शपथेनंतर त्यांनी आत जाऊन काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांपुढे भाषण केले. घटनेने न सांगितलेले हे भाषण पुढे समारंभाचे मुख्य आकर्षण ठरले. त्यांचे स्वतःचे दुसरे भाषण मात्र (१७९३) अवघ्या १३५ शब्दांचे होते. त्याहून आखूड भाषण पुढील कोणाही राष्ट्राध्यक्षास जमले नाही!

शपथेच्या अखेरीस 'ईश्वर मला साहाय्य करो' या अर्थाचे शब्द उच्चारण्याची चाल वॉशिंग्टन यांच्यापासून सुरू झाली, असे सर्वत्र सांगितले जाते. तथापि १७८९ मधील प्रत्यक्षदर्शींच्या कोणत्याही समकालीन वृत्तांतात हा उल्लेख सापडत नाही. ही कथा छापील स्वरूपात दिसू लागते ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे प्रसंगानंतर सुमारे साठ वर्षांनी. समकालीन नोंदींतून हे शब्द खात्रीने आढळतात ते १८८१ मध्ये चेस्टर आर्थर यांच्या शपथविधीत. विसाव्या शतकात ही चाल रुळली आणि मग ती मूळपासूनच होती असे मानले जाऊ लागले. बायबलच्या बाबतीतही एकवाक्यता नाही. जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी १८२५ मध्ये कायद्याच्या ग्रंथावर हात ठेवून शपथ घेतल्याचे स्वतःच नोंदवून ठेवले आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०१ मध्ये, मॅकिन्ले यांच्या हत्येनंतर बफेलो येथील एका मित्राच्या घरी घाईने शपथ घेतली, तेव्हा बायबल नव्हतेच. २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या पत्नी दोन बायबल हाती घेऊन शेजारी उभ्या होत्या. परंतु ट्रम्प यांनी शपथ घेताना त्यांवर हात ठेवला नाही, याची बरीच चर्चा झाली. कायद्याच्या दृष्टीने या सर्वच शपथा सारख्याच पूर्ण होत.

कंदिलाच्या उजेडातील शपथ

सरन्यायाधीशांनी शपथ द्यावी हा संकेत १७९७ मध्ये जॉन अ‍ॅडम्स यांच्यापासून सुरू झाला. पण राष्ट्राध्यक्षाचा मृत्यू काही वेळापत्रक पाहून होत नाही. अशा प्रसंगी संकेत बाजूला पडतो आणि घटनेचे मौन उघडे पडते. याचे सर्वांत हृद्य उदाहरण कॅल्विन कूलिज यांचे होय.

२ ऑगस्ट १९२३ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचे सॅन फ्रान्सिस्को येथे आकस्मिक निधन झाले. उपराष्ट्राध्यक्ष कूलिज त्या वेळी व्हरमाँट राज्यातील प्लिमथ नॉच या खेड्यात वडिलांच्या घरी सुट्टीवर होते. घरी वीज नव्हती, दूरध्वनीही नव्हता. मध्यरात्रीनंतर निरोप्या दार ठोठावू लागला. वडील जॉन कूलिज उठले आणि जिन्याखालून त्यांनी मुलाला हाक मारली. हे वडील गावचे नोटरी होते. पहाटे पावणेतीनच्या सुमारास दिवाणखान्यात रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात बापाने मुलाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. त्यानंतर नवे राष्ट्राध्यक्ष पुन्हा झोपी गेले.

कथा येथे संपती तर ती केवळ गोड आख्यायिका झाली असती. परंतु वॉशिंग्टनमध्ये लवकरच शंका निघाली. राज्याच्या नोटरीला संघराज्याच्या पदाची शपथ देण्याचा अधिकार पोहोचतो काय? शंका दूर व्हावी म्हणून २१ ऑगस्ट रोजी विलर्ड हॉटेलातील आपल्या निवासात कूलिज यांनी वॉशिंग्टनमधील एका न्यायाधीशांकडून गुपचूप पुन्हा शपथ घेतली. ही बाब पुढे अनेक वर्षांनी प्रकाशात आली. दुसऱ्या शपथेची खरोखरीच आवश्यकता होती काय, याचे उत्तर कोणत्याही न्यायालयाने दिलेले नाही. प्रस्तुत लेखकास मात्र असे वाटते, की शपथ देणाऱ्याविषयी घटनाच काही सांगत नसेल, तर प्लिमथ नॉचच्या त्या दिवाणखान्यात काहीही उणे नव्हते.

अशीच निकड २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे उद्भवली. केनेडी यांच्या हत्येनंतर लिंडन जॉन्सन यांनी विमानतळावर उभ्या असलेल्या विमानातच शपथ घेतली. ती जिल्हा न्यायाधीश सारा ह्यूज यांनी दिली. राष्ट्राध्यक्षांना शपथ देणाऱ्या त्या आजवरच्या एकमेव महिला होत. विमानात बायबल म्हणून जो ग्रंथ सापडला तो प्रत्यक्षात कॅथलिक प्रार्थनापुस्तक होते.

शब्द चुकले तर?

विद्यार्थ्यांच्या या प्रश्नास इतिहासाने दोन निरनिराळी उत्तरे दिली आहेत. १९२९ मध्ये हर्बर्ट हूव्हर यांना शपथ देताना सरन्यायाधीश विल्यम टॅफ्ट यांनी 'प्रोटेक्ट' या शब्दाच्या जागी 'मेन्टेन' हा शब्द उच्चारला. टॅफ्ट हे स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष होते. राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश ही दोन्ही पदे भूषविणारी ती एकमेव व्यक्ती. म्हणजे शपथ देण्या-घेण्याचा दोन्ही बाजूंचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. शपथविधीचे रेडिओवरून प्रक्षेपण चालू होते आणि न्यूयॉर्क राज्यातील तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने ही चूक नेमकी पकडली. तिने टॅफ्ट यांना पत्र लिहिले. त्यांनी उत्तर देऊन चूक तर मान्य केली, पण ती वेगळीच असल्याचे सांगितले. अखेर चित्रपट-वृत्त कंपन्यांनी आपल्या ध्वनिफिती तपासल्या आणि मुलगीच बरोबर ठरली. हूव्हर यांनी फिरून शपथ घेतली नाही आणि त्यामुळे काही बिघडलेही नाही.

२० जानेवारी २००९ रोजी बराक ओबामा यांच्या बाबतीत वेगळे घडले. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी 'निष्ठेने' या अर्थाचा शब्द त्याच्या जागेवरून हलवून वाक्याच्या शेवटी नेला. ओबामा क्षणभर थांबले, रॉबर्ट्स यांनी दुरुस्तीचा प्रयत्न केला आणि गोंधळ वाढला. शब्द एकही गळला नव्हता, केवळ क्रम बदलला होता. तरीही कोणास शंका घेण्यास वाव राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधील मॅप रूममध्ये, बायबलविना, शपथ पुन्हा घेण्यात आली. दोन्ही वेळची चूक सरन्यायाधीशांचीच. परंतु १९२९ मध्ये जी शाळकरी मुलीच्या कौतुकाची बातमी ठरली, तिची आठ दशकांनंतर कायदेशीर खबरदारी झाली. घटनेतील शब्द तेच होते. बदलले होते ते परस्परांवरील विश्वासाचे वातावरण.

बाराचा ठोका

ओबामा यांच्या त्या शपथविधीत आणखी एक बारकावा होता. कार्यक्रम लांबल्याने बारा वाजले तेव्हा व्यासपीठावर यो-यो मा आदी चौघांचे वादन चालू होते आणि शपथ व्हावयाची होती. तरी राष्ट्राध्यक्ष तेव्हा बदललेले होते. घटनेच्या विसाव्या दुरुस्तीनुसार मावळत्या राष्ट्राध्यक्षांचा कार्यकाल २० जानेवारीच्या मध्यान्ही संपतो आणि त्याच क्षणी नव्याचा सुरू होतो. शपथ ही अधिकार वापरण्यापूर्वीची अट आहे. सत्ता हस्तांतरित होते ती घड्याळावर. भारतात याच्या नेमके उलट आहे. अनुच्छेद ५६ नुसार मुदत संपली तरी उत्तराधिकारी पद ग्रहण करीपर्यंत विद्यमान राष्ट्रपती पदावर राहतात. अमेरिकेच्या घटनेने मावळत्या राष्ट्राध्यक्षांना तेवढी एक मिनिटाचीही सवलत ठेवलेली नाही. ही तरतूद किती मोलाची आहे हे पुढे दिसेल.

ही दुरुस्ती होण्यापूर्वी पदग्रहण ४ मार्चला होत असे. घोड्यावरून मतपत्रे पोहोचविण्याच्या काळात नोव्हेंबर ते मार्च हे चार महिने आवश्यकच होते. पुढे तेच घातक ठरले. १८६०-६१ च्या हिवाळ्यात लिंकन निवडून आलेले, पण अधिकार नाहीत, अशा अवस्थेत सात राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. १९३२-३३ मध्ये हूव्हर व फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मधल्या काळात बँका एकामागून एक बंद पडत गेल्या. जानेवारी १९३३ मध्ये दुरुस्ती मान्य झाली आणि १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी २० जानेवारीस पहिली शपथ घेतली. त्या दिवशी मुसळधार पाऊस पडत होता.

ठरलेला दिवस रविवारी आला तर जाहीर समारंभ सोमवारी करण्याची रीत आहे. १८४९ मध्ये झॅकरी टेलर यांनी ४ मार्चच्या रविवारी शपथ घेण्याचे टाळले. त्यामुळे सिनेटचे हंगामी सभापती डेव्हिड राइस अ‍ॅचिसन हे एक दिवसाचे राष्ट्राध्यक्ष ठरले, अशी दंतकथा निर्माण झाली. मिसुरी राज्यातील त्यांच्या स्मारकावरही तसे कोरलेले आहे. ही कथा टिकत नाही, कारण खुद्द अ‍ॅचिसन यांची मुदतही त्याच वेळी संपली होती. १८७७ चा प्रसंग मात्र गमतीचा नव्हता. हेस आणि टिल्डन यांच्यातील निवडणुकीचा वाद अवघ्या एका मताच्या फरकाने, पदग्रहणाच्या दोन दिवस आधी मिटला होता. टिल्डन यांचे समर्थक समांतर शपथविधी करतील या धास्तीने हेस यांना शनिवारी, ३ मार्च रोजी, व्हाइट हाउसमधील भोजनप्रसंगी रेड रूममध्ये गुपचूप शपथ देण्यात आली. जाहीर सोहळा सोमवारी झाला.

थंडी, भाषण आणि एक वैद्यकीय वाद

४ मार्च १८४१ रोजी विल्यम हेन्री हॅरिसन यांनी ८,४४५ शब्दांचे भाषण केले. इतके दीर्घ भाषण आजवर कोणीही केलेले नाही. अडुसष्ट वर्षांचे हे जुने सेनानी वयाची शंका घेणाऱ्यांना उत्तर देण्यासाठी घोड्यावर बसून आले आणि बोचऱ्या वाऱ्यात टोपी व ओव्हरकोट न घालता सुमारे पावणेदोन तास बोलत राहिले. मूळ मसुदा तर याहूनही लांब होता. त्यातील प्राचीन रोमविषयक पाल्हाळ डॅनियल वेबस्टर यांनी छाटले होते. एकतीस दिवसांनी, ४ एप्रिल रोजी, हॅरिसन यांचे निधन झाले. लांब भाषण, थंडी, न्यूमोनिया आणि मृत्यू अशी साखळी तेव्हापासून शालेय पुस्तकांतून सांगितली जाते. वक्त्यांना आवर घालू पाहणाऱ्या सूत्रसंचालकांना ती सोयीची आहे हे खरे!

परंतु तारखा तपासल्यास साखळी तुटते. हॅरिसन आजारी पडले ते २६ मार्चच्या सुमारास, म्हणजे भाषणानंतर तीन आठवडे उलटल्यावर. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदींचा फेरविचार करून २०१४ मध्ये दोन संशोधकांनी असे प्रतिपादन केले, की मृत्यूचे कारण आतड्यांचा ताप, बहुधा विषमज्वर, असावे. त्या काळी वॉशिंग्टनमध्ये मलनिःसारणाची व्यवस्था नव्हती आणि शहराची घाण टाकण्याची जागा व्हाइट हाउसच्या पाणीपुरवठ्यापासून दूर नव्हती. त्यानंतरच्या दशकात तेथे राहिलेल्या पोल्क व टेलर यांनाही पोटाचे गंभीर विकार जडले, ही बाब या तर्कास बळ देते.

या मृत्यूचे घटनात्मक परिणाम त्याच्या कारणाहून महत्त्वाचे आहेत. पदावर असताना मरण पावलेले हॅरिसन हे पहिलेच राष्ट्राध्यक्ष. उपराष्ट्राध्यक्ष जॉन टायलर यांना राष्ट्राध्यक्षपद मिळते की केवळ कामकाज, याविषयी घटना संदिग्ध होती. टायलर यांच्या मते त्यांनी पूर्वी घेतलेली उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ पुरेशी होती. तरीही त्यांनी सावधगिरी म्हणून नवी शपथ घेतली आणि आपण पूर्ण राष्ट्राध्यक्षच आहोत असे ठामपणे मांडले. विरोधकांनी हेटाळणी केली. पण पायंडा पडला, आणि सव्वाशे वर्षे केवळ त्या पायंड्यावर चाललेला हा व्यवहार १९६७ मध्ये पंचविसाव्या दुरुस्तीने लेखी झाला.

हवामानाने या समारंभाची फजिती वारंवार केली आहे. १८७३ मध्ये ग्रँट यांच्या नृत्यसमारंभासाठी उभारलेल्या मांडवात शेकोटीची सोयच नव्हती. पाहुणे ओव्हरकोट घालून नाचले, पदार्थ गोठले, आणि गाण्यासाठी पिंजऱ्यांत टांगलेले कॅनरी पक्षी थंडीने मरून पडले. १९०९ मध्ये हिमवादळामुळे टॅफ्ट यांना सिनेटच्या सभागृहात शपथ घ्यावी लागली. १९६१ मध्ये उलट, लख्ख ऊन आणि बर्फावरून परावर्तित होणारा प्रकाश यांमुळे वयोवृद्ध कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांना हातातील नवी कविता वाचता येईना. तेव्हा त्यांनी आपली एक जुनी कविता पाठ म्हटली. १९८५ मध्ये रेगन यांचा आणि २०२५ मध्ये ट्रम्प यांचा समारंभ कडाक्याच्या थंडीमुळे कॅपिटॉलच्या घुमटाखालील रोटुंडा दालनात हलवावा लागला.

मिरवणुकीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांच्या मिरवणुकीत हत्ती होते आणि एका गोपाल-कलावंताने रीतसर परवानगी घेऊन नव्या राष्ट्राध्यक्षांवर दोराचा फास टाकला, तर १९७७ मध्ये कार्टर गाडीतून उतरून सहकुटुंब पायी चालले, एवढे नोंदविणे पुरेसे आहे.

मावळत्या राष्ट्राध्यक्षांची खुर्ची

मावळते राष्ट्राध्यक्ष नव्यासोबत एकाच गाडीतून कॅपिटॉलला जातात, ही चाल १८३७ मध्ये जॅक्सन आणि व्हॅन ब्युरेन यांनी पाडली. 'कॉन्स्टिट्यूशन' या प्रसिद्ध युद्धनौकेच्या लाकडापासून बनविलेल्या बग्गीतून ते गेले. या प्रवासात सलोखा असतोच असे नाही. १९३३ मध्ये हूव्हर आणि रूझवेल्ट उघड्या मोटारीत शेजारी बसले होते खरे, पण हूव्हर जवळजवळ मौनच पाळून होते. तरीही ते आले. घटनेची अथवा कायद्याची कोणतीही सक्ती नसताना पराभूत उमेदवार आपल्या प्रतिस्पर्ध्याची शपथ ऐकण्यासाठी व्यासपीठावर बसतो, ही या समारंभातील सर्वांत अवघड रीत म्हणावी लागेल.

ती मोडलीही गेली आहे. १८०१ मध्ये जॉन अ‍ॅडम्स जेफर्सन यांच्या शपथविधीच्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास टपालगाडीने राजधानी सोडून गेले. अ‍ॅडम्स यांच्या बाजूने एवढे मात्र सांगितले पाहिजे, की एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सत्ता जाण्याची ती पहिलीच वेळ होती आणि तोवर तसा प्रघातच नव्हता. १८२९ मध्ये त्यांचे पुत्र जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स हेही जॅक्सन यांच्या समारंभास आले नाहीत. त्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये घुसलेल्या जनसमुदायाने चिनी मातीची भांडी फोडली, गालिचे तुडवले, आणि गर्दी बाहेर जावी म्हणून पेयांची पिंपे हिरवळीवर नेऊन ठेवावी लागली. १८६९ मध्ये अँड्र्यू जॉन्सन यांनी ग्रँट यांच्या समारंभाकडे पाठ फिरविली.

त्यानंतर दीडशे वर्षांनी २०२१ उजाडले. ६ जानेवारी रोजी मतमोजणी चालू असताना कॅपिटॉलवर जमावाने हल्ला केला. चौदा दिवसांनी त्याच इमारतीच्या पायऱ्यांवर जो बायडेन यांचा शपथविधी सुमारे पंचवीस हजार सैनिकांच्या पहाऱ्यात झाला. साथीमुळे आणि सुरक्षेमुळे समोरच्या मैदानावर माणसांच्या जागी झेंडे रोवले होते. निवडणुकीचा निकाल मान्य न केलेले ट्रम्प सकाळीच फ्लोरिडाला निघून गेले. अण्वस्त्र-आदेशाची पेटी एरवी समारंभस्थळीच एका राष्ट्राध्यक्षांच्या साहाय्यकाकडून दुसऱ्यांच्या साहाय्यकाकडे जाते. त्या दिवशी ट्रम्प यांच्यासोबत एक पेटी गेली आणि दुसरी वॉशिंग्टनमध्ये ठेवावी लागली. फ्लोरिडातील पेटीचे अधिकार बाराच्या ठोक्याला संपुष्टात आले. त्यासाठी मावळत्या राष्ट्राध्यक्षांच्या उपस्थितीची किंवा संमतीची आवश्यकता भासली नाही. १९३३ मध्ये दुरुस्ती मान्य करणाऱ्यांच्या मनात कोसळत्या बँका आणि दीर्घ प्रतीक्षा होती. त्यांनी बसविलेले घड्याळ मात्र अशा दिवशी कामी आले.

ट्रम्प यांनी त्या सकाळी एक प्रघात मात्र पाळला. १९८९ मध्ये रेगन यांनी आपल्या उत्तराधिकाऱ्यासाठी, म्हणजे थोरल्या बुश यांच्यासाठी, मेजाच्या खणात एक विनोदी चिठ्ठी ठेवली होती. तेव्हापासून प्रत्येक मावळते राष्ट्राध्यक्ष असे पत्र ठेवीत आले आहेत. १९९३ मध्ये पराभूत थोरल्या बुश यांनी क्लिंटन यांच्यासाठी ठेवलेले पत्र त्यातील सौजन्यामुळे विशेष गाजले. शपथविधीला न आलेल्या ट्रम्प यांनीही बायडेन यांच्यासाठी पत्र ठेवले. ते उदार भावनेने लिहिले आहे, एवढेच बायडेन यांनी तेव्हा सांगितले आणि मजकूर उघड केला नाही. २० जानेवारी २०२५ रोजी बायडेन ट्रम्प यांच्या शपथविधीस उपस्थित राहिले. त्या सायंकाळी पत्रकारांच्या गराड्यात आदेशांवर सह्या करीत असताना एकाने ट्रम्प यांना पत्राविषयी विचारले. तेव्हा कोठे त्यांनी खण उघडून पाहिला. आत एक पांढरे पाकीट होते आणि त्यावर सत्तेचाळिसाव्या राष्ट्राध्यक्षांचा क्रमांक, ४७, लिहिलेला होता.